आवृत्तिनामाचे तर्क (संगणक कार्यप्रणाली)

संगणक कार्यप्रणालीच्या आगामी आवृत्तीचे नाव अधिकृत घोषणेपूर्वी ओळखण्याचा प्रयत्न. असा तर्क विकासकाळातील सांकेतिक नावाविषयी असतो किंवा प्रत्यक्ष विक्रीच्या नावाविषयी, आणि या दोहोंत गल्लत झाली की तर्क चुकतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिसलर’ या सांकेतिक नावाच्या आवृत्तीची विंडोज एक्सपी झाली, तर ‘लाँगहॉर्न’चे विंडोज व्हिस्टा हे नाव जुलै २००५ मध्ये जाहीर झाले, सांकेतिक नावावरून विक्रीच्या नावाचा सुगावा लागण्यासारखे दोन्ही वेळा काहीच नव्हते.

या प्रथेचा आरंभ साधारणतः एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मानावा असे दिसते. डेबियन या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीने १९९६ पासून, म्हणजे १.१ ‘बझ’पासून, ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे घेतली असली, तरी पुढचे नाव तेथे बरेच आधी जाहीर होत असल्याने तर्काला फारसा वाव उरत नाही. ॲपलच्या मॅक ओएस टेनची ‘चीता’ व ‘प्यूमा’ ही नावे अंतर्गत वापराची होती; २००२ मधील १०.२ ‘जॅग्वार’पासून मार्जारकुळातील नावे विक्रीत उघडपणे वापरली जाऊ लागली. नावांमागील नियम लोकांना दिसू लागल्यावरच पुढचे नाव ओळखण्याला अर्थ येतो, म्हणून हाच टप्पा अधिक ग्राह्य वाटतो.

उबुंटू या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीच्या आवृत्तीच्या नावात एक विशेषण व एक प्राणी असतो आणि दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. ही नावे आरंभापासून वर्णानुक्रमे आहेत, असा समज मात्र चुकीचा आहे. ऑक्टोबर २००४ मधील ४.१० ‘वॉर्टी वॉर्टहॉग’ हे नाव उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ व विकासक रॉबर्ट कॉलिन्स यांच्या संभाषणातून निघाले. सहा महिन्यांत तयार होणाऱ्या आवृत्तीवर सफाईचा हात फिरणार नाही, म्हणून तिला चामखिळींच्या रानडुकराचे नाव शोभेल, असा त्यामागील विनोद होता. त्यानंतर ‘होरी हेजहॉग’ व ‘ब्रीझी बॅजर’ आले. डब्ल्यू, एच, बी या क्रमात कोणताही नियम नाही. तो २००६ मधील ६.०६ ‘डॅपर ड्रेक’पासून दिसतो. त्यामुळे ए व सी ही अक्षरे झेडपर्यंतची फेरी संपल्यावर, अनुक्रमे २०१७ मधील ‘आर्टफुल आर्डवार्क’ व २०१८ मधील ‘कॉस्मिक कटलफिश’ या नावांत प्रथमच आली. अक्षर आधीच ठाऊक असल्याने येथे तर्क उरतो तो प्राण्याचा, आणि विशेषणाचा त्याहून अधिक.

फेडोरा या लिनक्सवर आधारित दुसऱ्या कार्यप्रणालीत २०१३ मधील २० ‘हायझेनबग’पर्यंत प्रत्येक नावाचा आधीच्या नावाशी काही संबंध असणे अपेक्षित होते. पुढे ही नावे बंद झाली.

अँड्रॉइडची मिठाईची नावे इंग्रजी वर्णानुक्रमे असून १.५ ‘कपकेक’पासून, म्हणजे सी या अक्षरापासून, सुरू होतात. तिसऱ्या अक्षरापासून आरंभ का, याची काही स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. त्यांपैकी ‘ॲस्ट्रो बॉय’ व ‘बेंडर’ या यंत्रमानवांची नावे आरंभीच्या अंतर्गत टप्प्यांना होती, हे मत अधिक संभाव्य वाटते. प्रणालीच्या मूळ संकेतलेखनात (सोर्स कोड) १.० व १.१ यांना केवळ ‘बेस’ अशी मूळ नावे आहेत. तर्क फसल्याचे ठळक उदाहरण ४.४ चे आहे. तिचे अंतर्गत नाव ‘की लाइम पाय’ असल्याने तेच कायम होईल असे मानले जात असताना ३ सप्टेंबर २०१३ रोजी ‘किटकॅट’ जाहीर झाले. २०१९ मधील १० पासून मिठाईची नावे विक्रीतून गेली, पण अंतर्गत वापरात राहिली. आवृत्ती १५ च्या ‘व्हॅनिला आइसक्रीम’नंतर डब्ल्यू येणे क्रमप्राप्त असताना १६ साठी मात्र ‘बकलावा’ आले.

ॲपलने २०१३ मधील ‘मॅव्हरिक्स’पासून कॅलिफोर्नियातील स्थळनामे घेतली, तेव्हा तर्काला कागदोपत्री आधार मिळाला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावे दाखल झालेले, पण ॲपलसाठीच असल्याचे मानले गेलेले व्यापारचिन्हांचे अर्ज २०१४ मध्ये उजेडात आले. त्यांतील योसेमिटी, सिएरा, मोहावी, बिग सर, माँटेरे, व्हेंचुरा, सोनोमा व सिक्वोया ही नावे पुढे वापरली गेली. मॅमथ, रेडवुड व स्कायलाइन मात्र तशीच राहिली. असे अर्ज संभाव्य नावांचा साठा दाखवतात, त्यांचा क्रम दाखवत नाहीत.

सर्वाधिक वाद विंडोज ९ विषयी आहे. आठनंतर नऊ येणार हे गृहीत असताना मायक्रोसॉफ्टने ३० सप्टेंबर २०१४ रोजी थेट विंडोज १० जाहीर केले. जुन्या प्रोग्रॅममध्ये ९५ व ९८ एकत्र ओळखण्यासाठी ‘विंडोज ९’ ही अक्षरेच तपासली जात, म्हणून तो आकडा टाळला, असे एक मत आहे. अशी तपासणी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील काही प्रोग्रॅममध्ये खरोखर आढळते. तथापि, जावामध्ये ते नाव विंडोज थेट देत नाही, तर जावाची स्वतःची धावप्रणाली (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) आवृत्तिक्रमांकावरून ते ठरवते. शिवाय विंडोजची मूळ फलने (प्रोग्रॅमना माहिती पुरवणारी अंगभूत फंक्शन्स) आवृत्ती आकड्यांतच सांगतात आणि हे आकडे विक्रीच्या नावाशी जुळतातच असे नाही. विंडोज ७ चा अंतर्गत क्रमांक ६.१ होता, तर विंडोज १० चा आरंभीच्या चाचणी आवृत्त्यांत ६.४ असून तो पुढे १०.० झाला. या कारणांमुळे, नव्या उत्पादनाचे वेगळेपण ठसवण्यासाठी आकडा गाळला, हे कंपनीच्या निवेदनाशी जुळणारे मत अधिक ग्राह्य ठरते. याउलट २४ जून २०२१ च्या कार्यक्रमाच्या निमंत्रणचित्रात खिडकीतून पडलेला प्रकाश ११ च्या आकाराचा होता आणि वेळही सकाळी अकराची होती. विंडोज ११ चा तर्क त्यावरून बांधला गेला आणि तो बरोबर ठरला.