कुत्रा घरात एकटा, तोही मोकळा

क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, न ठेवता कुत्र्याला घरी सोडून बाहेर पडायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कितव्या महिन्यापासून? वयाने अर्धंच उत्तर मिळतं. दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येईपर्यंत, म्हणजे साधारण सातव्या महिन्यापर्यंत, हिरड्या शिवशिवत असतात आणि चपलेपासून टेबलाच्या पायापर्यंत काहीही चावलं जातं. पुढे वयात येण्याचा काळ सुरू होतो. मोठ्या जातींत तो दीड-दोन वर्षांपर्यंत लांबतो. त्यामुळे वाढदिवस झाला की क्रेट माळ्यावर, ही घाईच. उरलेलं अर्धं उत्तर कुत्रा एकटा असताना काय करतो त्यात आहे, आणि ते मोबाइल किंवा साध्या कॅमेऱ्यावर पाहावं लागतं.

सुरुवात एका खोलीपासून करावी. दाराला बेबी गेट (लहान मुलांना अडवायचं बुटकं फाटक) लावा, आत पाणी आणि रोजचं अंथरूण ठेवा. मागच्या पायांवर उभं राहून तोंड जिथवर पोचेल तिथवरचं सगळं उचला: चार्जरच्या वायरी, औषधांच्या पट्ट्या, चॉकलेट, मनुका, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा, कुत्र्यांना विषारी गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम. मोजे तर आधी, कारण गिळलेला मोजा आतड्यात अडकला की बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. तळाशी उरलेला चुरा चाटायला कुत्रा डोकं आत घालतो, श्वास घेतला की पाकीट नाकातोंडाला चिकटतं, आणि पंजाने ते निघत नाही. काही मिनिटांत गुदमरून जीव जातो. म्हणून कचऱ्याचा डबा गेटबाहेर किंवा बंद कपाटात ठेवायचा. स्वयंपाकघर मोकळं राहणार असेल तर शेगडीची बटणं काढून ठेवा किंवा गॅस मागून बंद करा. ओट्यावर पाय टाकताना बटण फिरल्याने आगी लागल्या आहेत. गळ्यातला पट्टाही काढावा, तो गेटच्या गजात अडकतो.

मग एकटं ठेवायची वेळ वाढवायची. आधी 30 सेकंद, मग 2 मिनिटं, 5, पुन्हा 1, मग 10, असं मागेपुढे. दर वेळी वाढतच गेलं की कुत्र्यालाही अंदाज येतो. विरहाची घबराट असेल तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते, म्हणून हा अर्धा तास गाठायला आठवडे लागले तरी चालतील. शांत झोपणाऱ्या कुत्र्याला पुढचे तास फारसे जड जात नाहीत. लघवीची मर्यादा वेगळी: पिल्लाला महिन्यांत जेवढं वय त्यात एक मिळवून तेवढे तास, तेही जास्तीत जास्त. प्रौढ कुत्र्यालाही चार-सहा तासांपलीकडे ताटकळत ठेवू नये.

नुकसान झालंच तर कुठे झालं ते पाहा. फाडलेली उशी, उपसलेला डबा हा बहुतेक वेळा कंटाळा. तो निघण्याआधीच्या फेरीने आणि चघळायच्या खेळण्याने कमी होतो. दाराची चौकट कुरतडलेली, खिडकीवर ओरखडे, दाराशी लाळेचं थारोळं असेल तर ती घबराट. अशा कुत्र्याला पुन्हा क्रेटमध्ये कोंडलं तर सुटायच्या धडपडीत तो दात आणि नखं मोडून घेतो. तिथे पशुवैद्याची मदत लागते, कधी औषधंही. आणि रागावून उपयोग नाही. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवलं की 'अपराधी' चेहरा खोडीमुळे नव्हे, मालकाच्या ओरडण्यामुळे होतो. काहीच न केलेले कुत्रेही तसाच चेहरा करतात.

घरात दोन कुत्रे असतील तर प्रत्येकाला वेगळी खोली द्या, निदान मधे गेट तरी लावा. एकाच हाडावरून जुंपली तर सोडवायला कोणी नसतं.

महिनाभर कॅमेऱ्यात नुसती झोपच दिसली की दुसरी खोली उघडा. घर बदललं, आजारपण झालं किंवा फटाक्यांची रात्र वाईट गेली, तर काही दिवस परत एकच खोली.