टेक्ससमधील पर्यटनस्थळे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील टेक्सस हे राज्य क्षेत्रफळाने (सुमारे ६,९५,००० चौ. किमी.) अलास्काखालोखाल देशात दुसरे आहे. पूर्वेच्या लुइझिआना सीमेवरील दलदलीच्या अरण्यात वर्षाला १,४०० मिमी.पर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम टोकाच्या एल पासोला जेमतेम २२० ते २५० मिमी. पावसावर भागवावे लागते. या दोन टोकांना जोडणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक १० एकट्या टेक्ससमध्ये सुमारे १,४०० किमी. धावतो. त्यामुळे येथील स्थळे एका सहलीत पाहून होत नाहीत. प्रवाशाला एखादा प्रदेश निवडावाच लागतो.

पर्यटनस्थळांच्या वाटणीमागे जमिनीच्या मालकीचा इतिहास आहे. १८३६ ते १८४५ या काळात टेक्सस हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि संयुक्त संस्थानांत सामील होताना त्याने आपल्या सार्वजनिक जमिनी स्वतःकडेच ठेवल्या. पुढे त्या विकल्या गेल्या किंवा रेल्वे कंपन्यांना व वसाहतकऱ्यांना दिल्या गेल्या. परिणामी आज राज्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी खाजगी मालकीची आहे आणि एवढ्या विस्तारात ‘राष्ट्रीय उद्यान’ हा दर्जा असलेली उद्याने दोनच आहेत. राज्य उद्यानांची व्यवस्था १९२३ मध्ये सुरू झाली. नव्या उद्यानांसाठी जमीन विकत घेता यावी म्हणून १०० कोटी डॉलरचा निधी उभारण्यास मतदारांनी २०२३ मध्ये मान्यता दिली.

सॅन अँटोनिओ : इतिहासाच्या दृष्टीने हे राज्यातील सर्वांत समृद्ध शहर होय. १७१८ मध्ये स्थापन झालेले येथील स्पॅनिश मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी उभारलेली वसाहत) पुढे ‘अ‍ॅलामो’ या नावाने प्रसिद्ध झाले. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचा भाग होता आणि तेथील वसाहतकऱ्यांनी बंड केले होते; १८३६ मध्ये जनरल सांता आन्ना याच्या मेक्सिकन सैन्याने तेरा दिवस वेढा घालून ६ मार्च रोजी ते जिंकले. बंडखोरांच्या बाजूचे ट्रॅव्हिस, बोवी आणि क्रॉकेट हे त्याचे रक्षण करताना मारले गेले. या लढाईची आठवण दीर्घकाळ केवळ शौर्यगाथा म्हणून सांगितली गेली. परंतु मेक्सिकोने १८२९ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी टिकवण्याची अनेक वसाहतकऱ्यांची इच्छा हेही संघर्षाचे एक कारण होते, हे लक्षात घेतल्याशिवाय ही वास्तू नीट समजत नाही.

बहुतेक प्रवासी अ‍ॅलामो पाहून परततात, हे खेदाचे आहे. सॅन अँटोनिओ नदीच्या काठाने दक्षिणेकडे गेल्यास कॉन्सेप्सिओन, सॅन होजे, सॅन हुआन आणि एस्पादा ही आणखी चार मिशने लागतात. या चारही ठिकाणच्या चर्चमध्ये आजही नियमित उपासना होते. कोआविल्टेकन आदिवासींच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या या वसाहतींचे जीवन पाटांवर अवलंबून होते. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने शेतांत नेले जाई आणि वाटेतला ओढा ओलांडण्यासाठी एस्पादाजवळ दगडी जलसेतू बांधला गेला; अठराव्या शतकातील या सेतूवरून अजूनही पाणी वाहते. पाचही मिशनांचा समावेश २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

शहराच्या मध्यभागातील ‘रिव्हर वॉक’ हा रस्त्याच्या पातळीपेक्षा सुमारे एक मजला खाली असलेला नदीकाठचा पायरस्ता आहे. १९२१ च्या प्राणघातक पुरानंतर नदीचे शहरातील वळण झाकून त्याचे सांडपाण्याचे भुयार करावे, असा विचार पुढे आला होता. नागरिकांच्या संघटनेने त्याला विरोध केला आणि रॉबर्ट ह्यूगमन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९३९ ते १९४१ या काळात काठ बांधून काढले गेले. आज तेथे उपाहारगृहांची गर्दी असली, तरी सायप्रस वृक्षांच्या सावलीतील दगडी पूल आणि पायऱ्या पाहताना मूळ कल्पनेतील संयम जाणवतो.

मध्य टेक्सस : राजधानी ऑस्टिन येथे तांबूस ग्रॅनाइटचे विधिमंडळ भवन (१८८८) आणि वर्षभर सुमारे २० ते २१ अंश से. तापमान राखणारे बार्टन झऱ्यांचे जलतरणस्थळ आहे. काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू पुलाखालच्या फटींत उन्हाळ्यात सुमारे पंधरा लाखांपर्यंत वटवाघळे राहतात. सुरुवातीला त्यांची भीती वाटून त्यांना हुसकावण्याची मागणी झाली होती. आता संध्याकाळी त्यांचे थवे बाहेर पडताना पाहण्यासाठीच लोक जमतात. पश्चिमेकडील टेकड्यांत जर्मन वसाहतकऱ्यांनी १८४६ मध्ये वसवलेले फ्रेडरिक्सबर्ग आणि त्याजवळचा ‘एन्चँटेड रॉक’ हा सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा गुलाबी ग्रॅनाइटचा घुमट आहे.

पश्चिम टेक्सस : रिओ ग्रांदे नदीच्या मोठ्या वळणात वसलेले बिग बेंड राष्ट्रीय उद्यान (सुमारे ३,२४० चौ. किमी.) राज्याने आधी जमीन विकत घेऊन केंद्र सरकारला दिल्यामुळे १९४४ मध्ये अस्तित्वात आले. सांता एलेना दरीत नदीच्या दोन्ही बाजूंना चुनखडकाचे सुमारे ४५० मी. उंचीचे कडे आहेत. त्यांतला एक अमेरिकेत आणि दुसरा मेक्सिकोत. भोवती चिवावान वाळवंट असले, तरी मध्यभागी उंच उठलेल्या चिसोस पर्वतात ओक आणि पाइनची झाडी टिकून आहे. उंचीनुसार बदलणाऱ्या या अधिवासांमुळेच येथे ४५० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. वस्ती विरळ असल्याने येथील रात्रीचे आकाश विलक्षण गडद राहते आणि उत्तरेला फोर्ट डेव्हिसजवळच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत सामान्य लोकांसाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. दुसरे राष्ट्रीय उद्यान ग्वादालूपे पर्वत हे असून पर्मियन काळातील (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) सागरी प्रवाळभित्तीचा भाग असलेल्या या पर्वतात राज्यातील सर्वोच्च शिखर (२,६६७ मी.) आहे. उत्तरेकडील सपाट प्रदेशात अचानक उघडणारी पालो ड्युरो दरी लाल खडकांच्या थरांसाठी प्रसिद्ध आहे.

आखाती किनारा : गॅल्व्हस्टन बेटावर ८ सप्टेंबर १९०० रोजी आलेल्या चक्रीवादळात किमान सहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर समुद्राच्या बाजूने भिंत बांधण्यात आली आणि दोन हजारांहून अधिक इमारती जॅकवर उचलून त्यांखाली वाळू भरून शहराची पातळीच वाढवण्यात आली. गुलामांच्या मुक्तीचा आदेश १९ जून १८६५ रोजी याच शहरात जाहीर झाला; ‘जूनटीन्थ’ या राष्ट्रीय सुटीचे मूळ त्यात आहे. नैर्ऋत्येला अरान्सास अभयारण्यात व्हूपिंग क्रेन हे दुर्मिळ क्रौंच हिवाळा घालवतात. १९४१ च्या सुमारास या कळपात जेमतेम पंधरा-सोळा पक्षी उरले होते. आता त्यांची संख्या पाचशेवर गेली आहे. आणखी दक्षिणेला पाद्रे बेटाच्या किनाऱ्यावर केम्प्स रिडली जातीच्या कासवांची पिल्ले उन्हाळ्यात लोकांसमक्ष समुद्रात सोडली जातात.

मोठी शहरे : ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात सॅटर्न पाच हा चांद्रमोहिमांचा अग्निबाण आणि अपोलो मोहिमांचा पूर्ववत केलेला नियंत्रण कक्ष आहे. डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या (२२ नोव्हेंबर १९६३) जागी संग्रहालय आहे. फोर्ट वर्थमधील किंबेल कलासंग्रहालय (१९७२) हे अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेचे वास्तुविशारद लुई कान यांनीच रचले असून छताच्या फटींतून झिरपणाऱ्या उजेडासाठी ते आवर्जून पाहावे.

प्रवासाचा काळ : मार्च-एप्रिलमध्ये मध्य टेक्ससच्या रस्त्यांकडेला ब्लूबॉनेट ही निळी राज्यफुले बहरतात. क्रौंच पाहण्यास हिवाळा योग्य ठरतो. जून ते नोव्हेंबर हा किनाऱ्यावर चक्रीवादळांचा काळ असतो. बिग बेंडमध्ये उन्हाळ्यात नदीकाठचे तापमान ४० अंश से.च्या वर जाते, म्हणून तेथील पायवाटांवर दुपारी चालणे टाळावे.