एकाच नावाचे दोन संघ, दोन वेगळे खेळ: अरिना फुटबॉल आणि इनडोअर फुटबॉल

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या एका काठावर आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट आणि बेटनडॉर्फ ही शहरे आहेत, तर दुसऱ्या काठावर इलिनॉय राज्यातील मोलिन आणि रॉक आयलंड. या सगळ्या परिसराला मिळून क्वाड सिटीज म्हणतात. मोलिनमधल्या बंदिस्त क्रीडागृहात खेळणाऱ्या 'क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स' या संघाची माहिती वाचू लागले की एक घोटाळा हमखास होतो. २००० साली या नावाच्या संघाने एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले. २००९ नंतर तो संघ संपला. २०१८ मध्ये त्याच नावाचा नवा संघ त्याच इमारतीत उभा राहिला. वाचणारा दोन्हींची कामगिरी एकाच रकान्यात मांडतो आणि पूर्वीचा संघ बलवान होता की आताचा, अशी तुलना करू लागतो. ही तुलना मुळातच चुकते, कारण पहिला संघ अरिना फुटबॉल खेळत होता आणि दुसरा इनडोअर फुटबॉल खेळतो.

आपल्याकडे 'इनडोअर फुटबॉल' म्हटले की फुटसाल डोळ्यांसमोर येते आणि ते स्वाभाविकही आहे. २०१६ मध्ये गोव्यात प्रीमियर फुटसालचे सामने झाले, तेव्हा हा शब्द इथल्या क्रीडारसिकांच्या चांगलाच परिचयाचा झाला. इथे मात्र दोन्ही खेळ अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याच्या आणि फेकण्याच्या खेळाचे, छपराखालचे अवतार आहेत.

त्यांचा उगम एकच आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये अरिना फुटबॉलचे जनक जिम फॉस्टर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छपराखालच्या सॉकरचा सामना पाहत होते. अमेरिकन फुटबॉलही असाच आइस हॉकीच्या मैदानावर बसवता येईल, असे त्यांना वाटले आणि जवळच्या एका लिफाफ्यावर त्यांनी त्याचा आराखडा काढला. हॉकीचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. फॉस्टर यांचे मैदान ५० यार्डांचे, म्हणजे नेहमीच्या मैदानाच्या निम्मे, आणि दोन्ही टोकांना आठ-आठ यार्डांचे एंड झोन (गुणांसाठी चेंडू जिथे न्यायचा ते पट्टे) धरून त्याची लांबी १९८ फूट होते, म्हणजे हॉकीच्या चौकटीत ते जेमतेम मावते. दोन्ही बाजूंना मऊ गाद्या लावलेल्या भिंती, अकराऐवजी आठ खेळाडू आणि पंटला (चेंडू हातातून सोडून लाथेने दूर मारत ताबा प्रतिस्पर्ध्याला देण्याला) बंदी ही वैशिष्ट्ये आज दोन्ही खेळांत सारखीच दिसतात. नवख्या प्रेक्षकाची फसगत होते ती या सारखेपणामुळेच.

वेगळेपणाचे मूळ पाहायचे तर मैदानाच्या टोकांकडे नजर टाकावी लागते. अरिना फुटबॉलमधले गोलखांब फक्त नऊ फूट अंतरावर असतात आणि आडवी दांडी १५ फूट उंचीवर असते. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, हेच अंतर साडेअठरा फूट आणि उंची दहा फूट आहे. या खांबांच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच अशी ताणलेली जाळी असते आणि तिची खालची कड जमिनीपासून आठ फुटांवर राहते. या जाळीला लागून परत आलेला चेंडू मेलेला नसतो. क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला पास जाळीवर आदळला आणि जमिनीला टेकण्यापूर्वी कोणी झेलला, तर तो झेल ग्राह्य धरतात. हुकलेला फील्ड गोल, म्हणजे गोलखांबांमधून जावा म्हणून लाथेने मारलेला चेंडू, जाळीवरून उसळून प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतो आणि तो खेळाडू थेट उलट दिशेने धाव घेतो. त्यामुळे किक घेणाऱ्याला, झेलणाऱ्याला आणि बचाव करणाऱ्यालाही चेंडू कोणत्या कोनातून परत येईल याचा अंदाज बांधण्याचे स्वतंत्र कौशल्य कमवावे लागे. माझ्या मते या खेळाचे खरे सौंदर्य याच ठिकाणी होते.

फॉस्टर यांनी या रचनेचे पेटंट घेतले. ते १९९० मध्ये मंजूर झाले आणि २००७ पर्यंत टिकले. परिणामी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लहान शहरांत ज्या स्पर्धक लीग उभ्या राहिल्या, त्यांना भिंती उभारता आल्या, आठ खेळाडू उतरवता आले, पण जाळी लावता आली नाही. 'अरिना फुटबॉल' हे नावही त्यांचे नव्हते. म्हणून त्यांनी 'इनडोअर फुटबॉल' हे साधे वर्णनपर नाव घेतले आणि जाळीविना खेळ घडवला. पेटंटची मुदत संपेपर्यंत या लीगनी आपले नियम आणि आपला प्रेक्षक तयार केला होता, त्यामुळे जाळी नसणे हेच त्यांचे ओळखचिन्ह बनले. दोन लीगच्या विलीनीकरणातून निघालेली आणि २००९ पासून खेळणारी इनडोअर फुटबॉल लीग, अर्थात आयएफएल, ही त्यातली आजची मुख्य लीग होय.

जाळी गेली की किकचा सगळा हिशेब बदलतो. आयएफएलमध्ये किक-ऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना लाथेने मारलेला, चेंडू थेट गोलखांबांमधून गेला, तर दोन गुण मिळतात आणि त्याला 'ड्यूस' म्हणतात. अरिनात एकाच रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) चाल सुरू होण्याआधी पुढे धावत सुटण्याची मुभा होती, तर आयएफएलमध्ये ती दोघांना असते. याउलट अरिनात बराच काळ 'आयर्नमॅन' नियम होता: बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही बाजूंनी खेळावे लागे. मुख्य लीगने, म्हणजे अरिना फुटबॉल लीगने, २००७ मध्ये हे बंधन काढले. स्टीमव्हीलर्सच्या २००० च्या संघाने मात्र ते पूर्णपणे पाळूनच विजय मिळवले होते.

तो हंगाम तपशिलाने पाहण्याजोगा आहे. अरिना फुटबॉल लीगने त्या वर्षी मध्यम आकाराच्या शहरांसाठी 'एएफटू' ही दुय्यम लीग सुरू केली. स्टीमव्हीलर्सने साखळीतले सोळाही सामने जिंकले, बाद फेरीतले तीनही जिंकले आणि त्यातल्या शेवटच्या, म्हणजे पहिल्या अरिनाकपच्या अंतिम सामन्यात टेनेसी व्हॅली व्हायपर्सचा ६८–५९ असा पराभव केला. हा आकडा पाहून बचाव ढिसाळ होता असे मानू नये. पन्नास यार्डांच्या मैदानावर, पंटला वावच नसताना, जवळजवळ प्रत्येक ताबा गुणांवरच संपतो. एएफटूचे मैदान, जाळी आणि नियम मुख्य लीगचेच होते, त्यामुळे मोलिनमध्ये चमकलेला खेळाडू वरच्या लीगमध्ये गेला तर त्याला नवीन काही शिकावे लागत नसे. 'दुय्यम लीग' हा शब्द इथे अक्षरशः खरा होता. आयएफएलला मात्र तो केवळ शहरांच्या आणि खर्चाच्या आकारमानावरून लावला जातो, कारण ती कोणत्याही मोठ्या लीगची शाखा नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या एका इनडोअर लीगमध्ये सुरू झालेला आणि २०१९ मध्ये आयएफएलमध्ये आलेला नवा स्टीमव्हीलर्स संघ हा अशा स्वतंत्र लीगचा सदस्य आहे.

कर्ट वॉर्नरविषयीही हाच गोंधळ वारंवार होतो. किराणा दुकानात फळ्यांवर माल लावणारा हा क्वार्टरबॅक १९९५ ते १९९७ आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला आणि पुढे १९९९ च्या हंगामात एनएफएलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तो 'इनडोअर'मधून आला असे सर्रास लिहिले जाते, पण त्या वेळचा बार्नस्टॉर्मर्स मुख्य अरिना लीगमध्ये होता. आज आयएफएलमध्ये असलेला बार्नस्टॉर्मर्स हा त्याच नावाने पुन्हा उभा केलेला संघ आहे.

हे दोन खेळ एकमेकांपासून किती दूर आहेत, याची चांगली परीक्षा ॲरिझोना रॅटलर्सने दिली. पाच अरिनाबाउल, म्हणजे मुख्य अरिना लीगची विजेतेपदे, जिंकलेला हा संघ २०१६ च्या हंगामानंतर अरिना लीग सोडून आयएफएलमध्ये आला. तिथे सू फॉल्स स्टॉर्म या साउथ डकोटातील संघाने २०११ पासून सलग सहा विजेतेपदे मिळवली होती. २०१७ च्या अंतिम सामन्यात रॅटलर्सने त्यांना त्यांच्याच शहरात ५०–४१ असे हरवले. यावरून दोन्ही खेळ एकच आहेत असा निष्कर्ष काहींनी काढला. मला तो मान्य नाही. अरुंद जागेत अचूक पास टाकण्याची आणि भिंतीच्या धाकात झेल घेण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते, म्हणून चांगला क्वार्टरबॅक आणि चांगला रिसीव्हर सहज इकडून तिकडे जातो. पण जाळीवरून उसळणाऱ्या चेंडूमागे धावणाऱ्या खेळाडूने वर्षानुवर्षे कमावलेले ज्ञान आयएफएलच्या मैदानावर निरुपयोगी ठरते, कारण तिथे चेंडू परत येतच नाही.