‘सेट’चा विक्रम केव्हाच मोडला

‘इंग्रजीत सर्वाधिक अर्थ सेट या शब्दाचे’ हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं फिरतंय. एकेकाळी ते खरंही होतं: ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पुढे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ नव्याने लिहायला घेतला. नऊ महिने खपले, आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले! मधल्या काळात यंत्रं आली, संगणक आले. सगळंच ‘रन’ व्हायला लागलं.

रन म्हणजे धावणे एवढंच पाठ केलेल्यांची मात्र पंचाईत. नाक ‘रन’ होतं तेव्हा ते वाहतं. धुण्यात रंग ‘रन’ झाला की पांढऱ्या शर्टाची वाट लागते. आणि निवडणुकीत ‘रन’ करणारा उमेदवार मराठीत चक्क उभा राहतो.