झेनिथ स्पेस कमांड

झेनिथ स्पेस कमांड : शिकागोच्या झेनिथ रेडिओ कॉर्पोरेशनने १९५६ मध्ये बाजारात आणलेला, श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा टीव्हीचा बिनतारी रिमोट. यात सेल नाही, तार नाही, दिवा नाही, एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही. आत ॲल्युमिनियमच्या चार कांड्या आणि त्यांच्यावर आदळणाऱ्या चार छोट्या हातोड्या, एवढेच. बटण दाबले की हातोडी कांडीच्या टोकावर बसते, कांडी माणसाला ऐकू न येणाऱ्या स्वरात क्षणभर निनादते आणि समोरचा टीव्ही तो स्वर ओळखून चॅनेल बदलतो. घरगुती करमणुकीच्या जुन्या उपकरणांत इतकी साधी आणि इतकी टिकाऊ रचना क्वचितच सापडेल. सत्तर वर्षांपूर्वीचे रिमोट थोड्या साफसफाईनंतर आजही चालतात, म्हणूनच संग्राहकांचा या उपकरणावर इतका जीव आहे.

पार्श्वभूमी : झेनिथचे प्रमुख यूजीन मॅकडॉनल्ड यांना टीव्हीवरील जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. प्रेक्षक जाहिराती फार काळ सहन करणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती आणि खुर्चीतून न उठता जाहिरातीचा आवाज बंद करता यावा, हा त्यांचा आग्रह. त्यातून १९५० मध्ये ‘लेझी बोन्स’ आला. तो लांबलचक तारेने टीव्हीला जोडलेला असे आणि दिवाणखान्यात पसरलेल्या त्या तारेत लोकांचे पाय अडकत. १९५५ मध्ये कंपनीतील अभियंते यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाशाला प्रतिसाद देणारे चार घट बसवलेले असत आणि पिस्तुलाच्या आकाराच्या टॉर्चने हव्या त्या कोपऱ्यावर झोत टाकला की काम होई. ही युक्ती सुंदर होती, पण खिडकीतून उन्हाची तिरीप पडद्यावर आली की टीव्ही आपल्या मनाने चॅनेल फिरवू लागे.

नवा मार्ग शोधण्याचे काम रॉबर्ट ॲडलर यांच्याकडे आले. ॲडलर मूळचे व्हिएन्नाचे. १९१३ चा जन्म, तेथील विद्यापीठातून १९३७ मध्ये भौतिकीतील डॉक्टरेट आणि १९४१ पासून झेनिथमध्ये नोकरी. रेडिओलहरींचा पर्याय होता, पण त्या भिंतीतून पार होतात; आपण बटण दाबावे आणि शेजाऱ्याचा टीव्ही बंद व्हावा, असे झाले असते. कानाला ऐकू येणारा आवाज घरातल्यांना नकोसा झाला असता. उरला श्राव्यातीत ध्वनी. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपने, इतकी आहे. त्याच्या दुप्पट कंप्रतेचा (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) ध्वनी कोणाला त्रास देत नाही आणि भिंतीपाशीच थांबतो.

एक अट विक्री विभागाने घातली होती, रिमोटमध्ये बॅटरी नको. बॅटरी संपली की ग्राहक टीव्हीच बिघडला असे समजेल, ही त्यांची भीती. माझ्या मते या उपकरणाच्या दीर्घायुष्याचे मोठे श्रेय त्या अटीला आहे. जुनी उपकरणे सर्वांत जास्त मारली आहेत ती आत विसरून राहिलेल्या, पाझरलेल्या सेलांनी. स्पेस कमांडला हा रोग होऊच शकत नाही.

रचना व कार्य : प्रत्येक कांडी सुमारे अडीच इंच लांब असते आणि मध्यावर धरलेली असते. टोकावर ठोका बसला की आघाताची लहर कांडीच्या लांबीच्या दिशेने धावत दुसऱ्या टोकाला जाते आणि परतते. ॲल्युमिनियमच्या बारीक कांडीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,१०० मीटर असतो. अडीच इंचांची ये-जा म्हणजे १२.७ सेंटिमीटर. वेगाला या अंतराने भागले की कंप्रता ४० किलोहर्ट्झच्या घरात येते, आणि रिमोट काम करतो तोही तिथेच. कांडीचा मध्य हा निस्पंद, म्हणजे कंपनात जागचा न हलणारा, बिंदू असल्यामुळे तिथे धरले तरी कंपनाला अडथळा होत नाही. दोन्ही टोके मात्र मोकळीच असावी लागतात. टोकाला बोट टेकवून बटण दाबले तर ठोका ऐकू येतो, पण टीव्ही ढिम्म राहतो.

चारही कांड्यांच्या लांबीत किंचित फरक असतो. काष्ठतरंगात (लाकडी पट्ट्या ठोकून वाजवण्याचे वाद्य) आखूड पट्टीचा स्वर चढा असतो, तसेच इथेही. चार लांब्या म्हणजे चार स्वर आणि चार स्वर म्हणजे चार कामे : चॅनेल पुढे, चॅनेल मागे, आवाज बंद, आणि टीव्ही चालू-बंद. मॅकडॉनल्ड यांच्या दृष्टीने यातले तिसरे बटण सर्वांत मोलाचे.

बोटाला जो ‘टक्’ जाणवतो आणि कानाला ऐकू येतो, तो हातोडीचा. संदेश नेणारा स्वर त्याच क्षणी, पण कानाच्या पलीकडे निघून जातो. बटण सावकाश दाबा की जोरात, एका ठरावीक बिंदूला स्प्रिंग सुटते आणि ठोका तितक्याच ताकदीने बसतो. वापरणाऱ्याला खरी गोडी लागते ती याची. आजच्या मऊ रबरी बटणांवर काम झाले की नाही हे पडद्याकडे पाहून कळते. इथे ते अंगठ्याला आधीच कळलेले असते. अमेरिकेत रिमोटला ‘क्लिकर’ म्हणू लागले ते या आवाजामुळेच.

खरा पसारा टीव्हीच्या पोटात होता. समोरच्या बाजूचा मायक्रोफोन स्वर पकडे, प्रवर्धक तो मोठा करी, एकेका स्वराशी मेळ साधलेली विद्युत मंडले चार स्वर वेगळे काढीत, त्यावर रिले (विजेने चालणारा खटका) चाले आणि शेवटी एक मोटर चॅनेलची चकती फिरवी. ट्रान्झिस्टर अजून घरगुती टीव्हीत आलेले नव्हते, म्हणून एवढ्यासाठी सहा जादा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या निर्वात नळ्या) लागत आणि टीव्हीची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढे. तरीही ही पद्धत टिकली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे खर्च उतरला आणि रिमोटमध्ये बॅटरी व स्वर निर्माण करणारे इलेक्ट्रॉनिक आंदोलक आले. अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचे रिमोट १९८० नंतर रुळेपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांत, श्राव्यातीत रिमोटचे ९० लाखांहून अधिक टीव्ही विकले गेले. ॲडलर व पॉली या दोघांना या कामासाठी १९९७ मध्ये अमेरिकन टीव्ही क्षेत्रातला एमी पुरस्कार मिळाला. पॉलींच्या टॉर्चशिवाय ॲडलर यांच्या कांड्यांपर्यंत पोहोचता आले नसते, तेव्हा तो दोघांना एकत्र मिळाला हे योग्यच झाले.

या पद्धतीच्या काही खोडीही होत्या. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला, नाणी फरशीवर पडली किंवा कुत्र्याच्या गळ्यातली साखळी वाजली की त्यातल्या श्राव्यातीत स्वरांनी चॅनेल बदलत असे. कुत्र्याला सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, मांजराला त्याहून वर. त्यामुळे घरातल्या माणसांना न ऐकू येणारा हा स्वर घरातल्या प्राण्यांना मात्र ऐकू जाई.

देखभाल : किल्ल्यांची ती खोड आज दुरुस्तीच्या फार कामी येते. रिमोट दाबून काही होत नसेल तर टीव्हीसमोर जुडगा जोरात हलवावा. चॅनेल फिरले किंवा आवाज गेला तर टीव्हीचा मायक्रोफोन आणि प्रवर्धक ठीक आहेत, दोष रिमोटमध्ये आहे. काहीच झाले नाही तर आधी टीव्हीकडे वळावे.

रिमोटचा स्वर निघतो का, हे मोबाइलवर तपासता येत नाही. मोबाइल सेकंदाला सहसा ४८,००० नमुने घेतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचे त्याला कळतच नाही. वटवाघळांच्या अभ्यासकांकडे असते ते बॅट डिटेक्टर ४० किलोहर्ट्झवर लावले की प्रत्येक ठोक्याला चिवचिव ऐकू येते. स्वस्तातला उपाय म्हणजे अंतर मोजण्याच्या श्राव्यातीत सेन्सरमधला ध्वनी पकडणारा भाग (रिसीव्हर). तो सहसा ४० किलोहर्ट्झचाच असतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. तो ऑसिलोस्कोपला (विद्युत संकेताचा आलेख दाखवणारे यंत्र) जोडून समोर बटण दाबले की स्वर उठून हळूहळू विरताना पडद्यावर दिसतो. निरोगी कांडीचा स्वर रेंगाळतो. धुळीने किंवा सरकलेल्या आधाराने दाबलेल्या कांडीचा चटकन मरतो.

दोष बहुधा तीनच ठिकाणी सापडतात. पुढच्या जाळीत साचलेला मळ, हातोडीच्या खिळीवर सुकून चिकट झालेले वंगण, आणि कांडीच्या मध्यावरचा ढिला किंवा सरकलेला आधार. जाळी मऊ कोरड्या ब्रशने साफ करावी. सुकलेले वंगण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढावे आणि पूर्ण वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब खिळीला लावावा. कांडीला तेल लागू देऊ नये, तिच्यावर धूळ धरते. डबी उघडताना हात सावकाश चालवावा, कारण बारीक स्प्रिंगा उडाल्या तर सापडणे मुश्कील. उघडल्याबरोबर, काहीही हलवण्याआधी, आतला फोटो काढून ठेवावा. कांड्यांची अदलाबदल झाली तर बटणांची कामे बदलतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कांडी घासू नये. ॲल्युमिनियमवर आलेला मळकट थर पाहून पॉलिश पेपर हातात घ्यायचा मोह होतो, पण त्या थराने काही बिघडत नाही. टोक घासले तर मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाने कंप्रता साठेक हर्ट्झ वर सरकते, आणि एक मिलिमीटर गेला तर सहाशेहून अधिक. चार स्वर एकमेकांच्या जवळजवळ बसवलेले असल्याने एवढ्याने टीव्ही आदेश ओळखेनासा होतो. हरवलेल्या कांडीच्या जागी नवी करायची असेल तर ती मुद्दाम थोडी लांब कापावी आणि स्वर मोजत मोजत घासत आणावी. लांब कांडी आखूड करता येते, आखूड झालेली लांब होत नाही.

टीव्हीची बाजू निराळीच, आणि धोक्याची. त्या काळातल्या अनेक अमेरिकन टीव्हींत आतला धातूचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार टीव्ही बंद केल्यावरही राहतो. सवय नसलेल्याने मागचे झाकण काढूच नये; व्हॉल्व्हचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्यावे. जुने कागदी व इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलल्याशिवाय एकदम विजेचा पूर्ण दाब देऊ नये. भारतात आणलेल्या टीव्हीला २३० व्होल्टवरून ११७ व्होल्टच्या आसपास उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रसारण १२ जून २००९ रोजी थांबले, त्यामुळे आता चित्र येते ते आर.एफ. मॉड्युलेटरमार्फत (चित्राला टीव्हीच्या एखाद्या चॅनेलवर आणून देणारी डबी), बहुधा चॅनेल ३ किंवा ४ वर. एकाच चॅनेलवर चित्र असले की रिमोटची मजा अर्धी राहते. हौशी लोक दोन-तीन मॉड्युलेटर वेगवेगळ्या चॅनेलवर लावतात, मग मोटरची घरघर ऐकत चित्र बदलताना पाहण्याचा आनंद पुरा मिळतो.

भारतातील संदर्भ : स्पेस कमांड आपल्याकडच्या घरांत आला नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि दुसरी वाहिनी यायला १९८५ उजाडले. तोवर बदलायला दुसरे चॅनेलच नव्हते. केबलमुळे १९९१-९२ पासून वाहिन्या वाढल्या आणि रिमोट गरजेचा झाला, पण तेव्हा अवरक्त रिमोटचे दिवस होते. प्लॅस्टिकचे कव्हर चढवून वर रबरबँड लावलेला आणि बटण चालेना म्हणून तळहातावर आपटला जाणारा मराठी घरातला रिमोट तो हाच. त्याचे दुखणे वेगळे. रबरी बटणांखालच्या काळ्या कार्बनच्या टिकल्यांवर तेलकट थर येतो. तो अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावा, खरवडू नये. पुढचा एल.ई.डी. चालतो का, हे इथे मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसते. रिमोट वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत.

खरेदी : स्पेस कमांडचे सुटे रिमोट अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात, त्यांचे टीव्ही त्या मानाने कमी. सुटा रिमोट घेताना तो कानाशी धरून चारही बटणे दाबावीत. चारही ठोके सारखेच करकरीत हवेत; एखादा बोदा आला तर हातोडी अडकते आहे किंवा कांडी आधारातून निसटली आहे, आणि दोन्ही दोष दुरुस्त होतात. आत कांडीच नसेल तर डबी हलवल्यावर सहसा काही कळत नाही, म्हणून विक्रेत्याला उघडून दाखवायला सांगावे. रिमोट आणि त्याचा मूळ टीव्ही एकत्र मिळत असेल तर टीव्ही बंद पडलेला असला तरी जोडी फोडू नये, कारण त्या मायक्रोफोनमागची मंडले या कांड्यांच्या स्वरांसाठीच बसवलेली असतात.