मिलफर्डच्या वाटेवरचे मुक्काम

तलावपाळीवर गप्पांमध्ये न्यूझीलंडच्या मिलफर्ड ट्रॅकचा विषय निघाला, की आमच्यातला कुणीतरी हटकून विचारतोच, "सोबत गाईड, गरम पाण्याची अंघोळ, रात्री गादी. याला ट्रेक कसला म्हणायचा?" ठाण्याहून शुक्रवारी रात्री सॅक पाठीवर मारून निघणाऱ्याला असं वाटणारच. आपला मुक्काम गडावरच्या देवळात नाहीतर गुहेत, आणि पायथ्याच्या वाडीत पिठलं-भाकरी. पण मिलफर्डला सोयी मागाहून शिरलेल्या नाहीत. त्या जवळजवळ वाटेइतक्याच जुन्या आहेत.

जेडसारख्या हिरव्या दगडासाठी न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक त्या मुलखात फार पूर्वीपासून जात. आजची वाट मात्र १८८८ ची. त्या ऑक्टोबरात क्विंटिन मॅकिनन आणि अर्नेस्ट मिचेल हे 'ते अनाऊ' नावाच्या सरोवराकडून क्लिंटन नदीच्या खोऱ्याने चढले आणि खिंड ओलांडून मिलफर्डच्या बाजूला उतरले. खिंडीला मॅकिननचंच नाव मिळालं, आणि तो त्या वाटेचा वाटाड्या झाला. पाहुण्यांना पलीकडे न्यायचा, टपाल पोचवायचा, स्वतः रांधून वाढायचा. त्याच्या हातच्या एका पदार्थाचं नाव पोम्पोलोना. गाईडबरोबर जाणाऱ्यांचा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम आजही त्याच नावाने ओळखला जातो. १८९२ मध्ये त्याच 'ते अनाऊ' सरोवरात तो बुडाला. वाटाड्या म्हणून त्याला जेमतेम चार वर्षं मिळाली, याची मला फार हळहळ वाटते.

१९०१ मध्ये सरकारी पर्यटन खातं निघालं आणि वाटेची व्यवस्था त्याच्याकडे गेली. १९०८ मध्ये लंडनच्या 'स्पेक्टेटर' साप्ताहिकाने लेखिका ब्लांच बॉन यांच्या लेखाला जगातली सर्वांत सुंदर पायवाट असा मथळा दिला. तो आजवर चिकटून आहे. होमर बोगदा १९५४ मध्ये खुला होईपर्यंत मिलफर्डला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे गेलेल्या वाटेनेच पुन्हा खिंड चढून परतायचं.

आणि एवढी वर्षं ही वाट चालायची तर गाईडच्या तुकडीतच. स्वतःचं ओझं स्वतः वाहणाऱ्याला तिथे जागा नव्हती. १९६४ मध्ये ओटागो ट्रॅम्पिंग क्लबच्या (तिकडे ट्रेकिंगला ट्रॅम्पिंग म्हणतात) लोकांनी गाईडशिवाय चालून याचा निषेध केला. १९६६ पासून त्यांच्यासारख्यांना वेगळ्या हट, म्हणजे मुक्कामाच्या साध्या झोपड्या, मिळाल्या. आपल्याला जो 'खरा ट्रेक' वाटतो, तो तिथे भांडून मिळवावा लागला.

आज ५३.५ किलोमीटरच्या या वाटेवर दोन्ही सोयी आहेत. स्वतंत्र जाणाऱ्यांना तीन रात्री बंक आणि हंगामात गॅसची शेगडी. गाईडवाल्यांना लॉज, जेवण, कोरडे कपडे. तंबू कुणालाच लावता येत नाही. वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या खोऱ्यात पक्कं छप्पर ही चैन नव्हे.

आणि वाटेवरच्या सोयींचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातून मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून जा. दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढायचा. माथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, गुहेबाहेर पाण्याची टाकी, आत सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञांची आणि दान दिलेल्या गाई-घोड्यांची मोजदाद. आणि त्याच भिंतींना लागून, थकल्या माणसाला टेकता यावं म्हणून कोरलेला दगडी बाक.