स्टॅबिलायझर बार, पुढचा (जुन्या छोट्या मोटारींतील)

मोटारीच्या पुढच्या डाव्या व उजव्या चाकांचे सस्पेन्शन एकमेकांशी जोडणारा, दोन्ही टोकांना वाकवलेला स्प्रिंग-पोलादाचा दांडा. अमेरिकेत त्याला स्वे बार आणि ब्रिटनमध्ये अँटी-रोल बार म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत व सुट्या भागांच्या दुकानांत स्टॅबिलायझर बार हे नाव रुळले आहे. मुळात असा बार नसलेल्या, किंवा बारीक बार असलेल्या जुन्या छोट्या गाड्यांना तो नव्याने बसवण्याचा विचार येथे प्रामुख्याने केला आहे.

वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. बाहेरचे चाक सांगाड्याच्या तुलनेत वर दबते, आतले खाली उतरते आणि दांड्याला पीळ बसतो. हा पीळ कलण्याला विरोध करतो. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर दांडा आपल्या बुशांत (त्याला धरणाऱ्या रबरी कड्यांत) नुसता फिरतो व सस्पेन्शन कडक होत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले, तर मात्र त्याचा हिसका दुसऱ्या बाजूला पोचतो. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १६ मिमी.ऐवजी १९ मिमी.चा बार घेतला की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. उलट, आतून निम्म्या व्यासाइतका पोकळ केलेला दांडा वजनाने पाव भाग हलका होतो, पण ताठपणात जेमतेम सहा टक्के उणा पडतो.

बारामुळे रस्त्यावरची पकड वाढते, हा समज बरोबर नाही. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकेल, हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर व वळणाची तीव्रता यांवर ठरते. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा व किती मागच्या, एवढेच बार ठरवतो. पुढे बार बसवला की बाहेरच्या पुढच्या टायरवर जास्त ताण येतो आणि पुढची चाके आधी घसरू लागतात. गाडी वळणातून बाहेरच्या बाजूला सरकते, पण गरकन फिरत नाही. नवख्या चालकाला हे सांभाळणे सोपे जाते. मागे इंजिन असलेल्या गाडीला हा गुण हवाच असतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) गाड्यांत तो आधीच भरपूर असतो. तेथे पुढे जाड बार घातल्यास कलणे कमी होते, पण वळणाची धार बोथट होते.

उगम : पहिल्या पेटंटचा मान सामान्यतः कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताच्या फ्रेडरिक्टन येथील स्टीव्हन कोलमन यांना दिला जातो (२२ एप्रिल १९१९). मात्र पेटंटचा दिनांक म्हणजे वापराचा आरंभ नव्हे. त्या काळच्या गाड्यांचे पाटे (लीफ स्प्रिंगा) इतके ताठ असत की कलण्याची तक्रार फारशी नव्हतीच. १९३०च्या दशकात पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन व मऊ कॉइल स्प्रिंगा आल्या, आराम वाढला, त्याबरोबर कलणेही वाढले आणि बाराची गरज निर्माण झाली. त्यामुळे उगमाची नोंद करताना कोलमन यांचे नाव पुढे ठेवले, तरी प्रसाराचे कारण मऊ स्प्रिंगांतच शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. तिसरा धागा मोटार-अभियंते अर्ल मॅकफर्सन यांचा. १९४७ मध्ये अर्ज केलेल्या व १९५३ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटातील त्यांच्या स्ट्रट-रचनेच्या (स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) सुरुवातीच्या रूपांत हाच बार चाक धरणाऱ्या खालच्या आडव्या भुजेला पुढे-मागे हलू न देण्याचे कामही करतो. १९५०च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल व झेफिरमध्ये ही मांडणी आढळते. एका दांड्यात दोन कामे उरकण्याची ही काटकसर छोट्या गाड्यांच्या कारखानदारांना मानवली.

बार नसल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे शेव्हरोले कॉरव्हेअर (१९६०–६९). अमेरिकी मापाने ती ‘कॉम्पॅक्ट’; मागे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन आणि १९६४ पर्यंत मागे झुलता अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंचे अर्धे आस चाकांसह वर-खाली झुलणारे). १९६०–६३ च्या गाड्यांत पुढचा बार मूळ साजात नव्हता. दरम्यान तो जादा पैसे मोजून घेण्याच्या कडक सस्पेन्शनच्या संचात मिळू लागला आणि १९६४ मध्ये सर्व गाड्यांना आला. त्याच वर्षी मागे आडवा पाटाही बसवण्यात आला. बार वगळून कंपनीने पुढच्या-मागच्या टायरांतील हवेच्या फरकावर भिस्त ठेवली होती : थंड टायरात पुढे १५ व मागे २६ पौंड. पंपावर चारही टायर सारखे फुगवले की ही सगळी योजना मोडत असे. ग्राहक-हक्कांचे पुरस्कर्ते राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये या गाडीवर केलेली टीका प्रसिद्ध आहे. १९७२ मधील अमेरिकी शासकीय अहवालाने मात्र ती समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचे म्हटले. दोन्ही मते परस्परांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. चाचणीतील गाडीच्या टायरांत हवा नेमकी असते, रस्त्यावरच्या गाडीची खात्री देता येत नाही. मागेच इंजिन असलेल्या फोक्सवॅगन बीटलला पुढचा बार १९६० च्या मॉडेलपासून, म्हणजे ऑगस्ट १९५९ पासून मिळाला.

बसवणी : बीटलवर बार खालच्या मागे-रोखलेल्या भुजांना (ट्रेलिंग आर्म) रबरी बुश व पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळला जातो. पट्टीची दोन टोके पक्कडीने जवळ आणून त्यांवर सरकती चाप हातोडीने ठोकून चढवतात आणि शेवटी कुलूपपट्टीचे पान दुमडतात. येथे नट-बोल्ट नाहीत. जुनी चाप काढताना ती बहुधा वाकते, म्हणून नवीन संच घेतलेला बरा. इतर गाड्यांत मधले दोन बुश सांगाड्याला ब्रॅकेटने व टोके लिंक रॉडने भुजेला जोडतात. लिंकचे नट शेवटचे आवळताना गाडीचा भार चाकांवर असावा किंवा दोन्ही भुजांना सारख्या उंचीवर टेकू द्यावा. एक चाक लोंबते असताना बारात पीळ असतो, म्हणून तेव्हा आवळू नये. बुशाचे रबर वायसरच्या काठापर्यंत फुगले की आवळणे थांबवावे. मग स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बार स्टीअरिंगच्या टाय रॉडला किंवा ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना, हे पाहतात. पॉलियुरेथेनच्या बुशांना सिलिकॉन ग्रीस न लावल्यास ते करकरतात. जुन्या गाडीत खरा प्रश्न सांगाड्याच्या पत्र्याचा असतो : गंजलेल्या पातळ पत्र्यावर ब्रॅकेट आवळले तर पहिल्याच जोरदार वळणात भोक फाटून बोल्ट निखळतो. म्हणून आतून जाड पट्टीचा आधार देतात.

भारतात मुंबईच्या कुर्ला येथे बनलेली प्रीमियर पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून उतरली, तिला पुढचा बार मुळातच होता. मारुती ८०० मध्येही तो आहे. खराब रस्त्यावर पुढून खडखड आली की मेकॅनिक आधी बाराचे बुश हलवून पाहतात. मारुती ८०० मध्ये बार मॅकफर्सन यांच्या रीतीने खालच्या भुजेला धरून ठेवतो, त्यामुळे ‘काढून चालवून बघू’ हा प्रयोग या गाडीवर करता येत नाही.